उतारा शेजाऱ्याच्या हाती

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या इंदुरात, अगदी आमच्या शेजारच्याच घरी, मोठी लगबग चालली होती. त्या घरची मुलगी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात निघाली होती. बरोबर न्यावयाच्या वस्तूंची लांबलचक यादी तयार झाली होती. तीत गोडा मसाला होता, मेतकूट होते, थालिपिठाची भाजणी होती, छोटा कुकर होता आणि इंदुरी शेवही होती. यादीचे शेवटचे पान औषधांचे. ते पाहून देण्यासाठी वहिनी माझ्याकडे आल्या. मी ताप, पडसे, अपचन यांवरची औषधे तपासली आणि म्हणालो, "वहिनी, आणखी एका औषधाचे नाव लिहून ठेवा. इथून न्यायचे नाही. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जाऊन तिने ते मागून घ्यावे. नाव नॅलोक्सोन."

"ते कशावर?" त्यांनी विचारले.

"अफूच्या जातीच्या विषावर उतारा आहे तो."

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. "अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आमची मुलगी तसली नाही हो!"

मी त्यांना जे उत्तर दिले, तेच आजच्या भाषणात थोडे विस्ताराने आपणांपुढे मांडणार आहे. ते उत्तर असे की, हे औषध जवळ बाळगणाऱ्यासाठी नसतेच. ज्याला त्याची गरज पडते तो त्या वेळी बेशुद्ध असतो. त्याला हात हलविता येत नाही, हाक मारता येत नाही. दम्याचा रोगी आपले औषध आपण घेतो, मधुमेहाचा रोगी आपली सुई आपण टोचून घेतो. हे औषध मात्र रोग्याने शेजाऱ्याच्या हातून घ्यावयाचे असते. म्हणून ते शेजाऱ्याच्या हाताशी असले तरच त्याचा उपयोग; एरवी ते असून नसल्यासारखे.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. माळव्यातील माणसाला अफूची ओळख करून द्यावी लागत नाही. मंदसौर आणि नीमच भागांत आजही सरकारी परवान्याने अफूची शेती होते, बोंडांना चिरा देऊन चीक काढला जातो आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधी द्रव्ये निघतात. मॉर्फिन हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा कर्करोगाच्या असह्य वेदनांत त्याच्याइतका कनवाळू मित्र दुसरा नाही. परंतु या सर्व वर्गाच्या द्रव्यांचा एक धर्म आहे. मेंदूच्या तळाशी श्वासोच्छ्वासाची जी केंद्रे आहेत, त्यांना ही द्रव्ये गुंगवितात. मात्रा वाढली की श्वास मंद होतो, मग तुटक होतो आणि अखेर थांबतो. अफूच्या अतिमात्रेने माणूस मरतो तो बहुधा असा, प्राणवायूवाचून. प्राणवायू न मिळाल्यास काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. या साऱ्या प्रकरणात घड्याळाचा काटाच खरा शत्रू आहे.

१९६० च्या सुमारास बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत फेंटॅनिल हे कृत्रिम द्रव्य तयार झाले. मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी असे हे द्रव्य शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांच्या हाती अजूनही अत्यंत उपयोगी ठरते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत ते चोरून बनविणाऱ्यांच्या हाती पडले आणि उत्तर अमेरिकेत हाहाकार झाला. १९९९ ते २०२२ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सात लाखांहून अधिक माणसे दगावली. सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांची अतिमात्रा धरली, तर एकट्या २०२३ साली सुमारे १,०५,००० मृत्यू झाले. २०२४ साली हा आकडा बराच उतरून ८०,००० च्या आसपास आला. परंतु तोही काही थोडा नव्हे.

आता आपण म्हणाल, हे व्यसनी लोकांचे दुःख. विद्यापीठाशी त्याचा काय संबंध? संबंध असा की, फेंटॅनिल आज फेंटॅनिल या नावाने येत नाही. परीक्षेच्या दिवसांत जागरण करता यावे, चित्त एकाग्र व्हावे, म्हणून विद्यार्थी ॲडरॉल नावाच्या गोळ्या एकमेकांकडून घेतात. कोणी झोप येत नाही म्हणून झॅनॅक्सची गोळी घेतो, कोणी पाठ दुखते म्हणून पर्कोसेटची. या गोळ्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आल्या आहेत. रंग तोच, आकार तोच, वरचा छापही तोच. आत मात्र फेंटॅनिल. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर राहील इतके चूर्ण, प्राणघातक ठरू शकते. अमेरिकन सरकारच्या अंमली पदार्थ खात्याने २०२३ साली तपासलेल्या अशा बनावट गोळ्यांपैकी दर दहांत सात गोळ्यांत एवढे विष निघाले. २०२४ साली दर दहांत पाच. २०२२ च्या मे महिन्याच्या आरंभी ओहायो राज्य विद्यापीठातील दोन विद्यार्थी मरण पावले, तेव्हा फेंटॅनिल मिसळलेल्या बनावट ॲडरॉल गोळ्यांविषयी इशारे द्यावे लागले. येथे व्यसनाचा प्रश्नच नाही. एका रात्रीचा अविचार आणि एक गोळी, एवढ्यावर सारे संपते. ज्याला व्यसन आहे त्याच्या सोबत्यांना धोका निदान ठाऊक असतो. ज्याने आयुष्यात प्रथमच गोळी घेतली, त्याच्या खोलीतल्या मित्रांना काय घडते आहे हेही कळत नाही. गाढ झोपला आहे, असे समजून ते दिवा मालवतात.

या विषावर जो उतारा आहे, त्याची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. अफूच्या बोंडातच थिबेन नावाचे एक द्रव्य असते. त्यावर रासायनिक संस्कार करीत गेले असता नॅलोक्सोन तयार होते. काट्याने काटा काढावा म्हणतात, तो असा. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांनी १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७१ साली अमेरिकन सरकारने त्याच्या वापरास मान्यता दिली. त्याची क्रिया एका घरगुती दृष्टान्ताने सांगतो. मेंदूतील पेशींवर अफूच्या रेणूंसाठी जणू पंगतीचे पाट मांडलेले असतात. अफूचा रेणू त्या पाटावर बसला की श्वास मंदावतो. नॅलोक्सोन येते, त्या पाहुण्याला उठविते आणि स्वतः पाट अडवून बसते. बसते, पण जेवत नाही. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत श्वास परतू लागतो. नॅलोक्सोनची सवय लागत नाही. अफू पोटात नसलेल्या माणसाला चुकून दिले, तरी त्याला अपाय होत नाही. मर्यादा एकच, आणि ती मोठी आहे. अर्ध्या ते दीड तासात नॅलोक्सोन पाटावरून उठते आणि पहिला पाहुणा अजून दारात असेल तर पुन्हा येऊन बसतो. म्हणून शुद्ध आली तरी रुग्णाला दवाखान्यात नेलेच पाहिजे.

असे गुणी औषध १९७१ पासून उपलब्ध होते, तरी माणसे मरत राहिली. का? कारण ते रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत होते, आणि माणसे मरत होती घरांत, मोटारींत, वसतिगृहांच्या खोल्यांत. फिशमन यांचेच उदाहरण पहा. २००३ साली त्यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. ज्या पुरुषाच्या बुद्धीतून हा उतारा निघाला, त्याच्या कुटुंबातील मुलाजवळही तो वेळेवर पोचला नाही. औषध जगात असणे आणि औषध हाताशी असणे यांतील अंतर किती भयंकर असते, हे याहून अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही.

हे अंतर कापण्याचा आरंभ सरकारने केला नाही, विद्यापीठांनीही केला नाही. शिकागो शहरात डॅन बिग नावाच्या कार्यकर्त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली नॅलोक्सोन थेट व्यसनी लोकांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हाती देण्यास सुरुवात केली. पुष्कळांनी भुवया उंचावल्या. ज्याला स्वतःचे भान नाही, तो दुसऱ्याचा जीव काय वाचविणार? पण १९९६ ते २०१४ या काळात अमेरिकेतील अशा संस्थांनी १,५२,२८३ सामान्य माणसांना हे औषध दिले, आणि त्यांतून २६,४६३ वेळा अतिमात्रा उतरविल्याच्या वार्ता परत आल्या. ज्यांना समाजाने ओवाळून टाकले होते, त्यांनी एकमेकांचे प्राण वाचविले. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले की, ज्यांच्या डोळ्यांदेखत अतिमात्रा घडण्याचा संभव आहे, त्या सर्वांना नॅलोक्सोन मिळावे आणि ते देण्याचे शिक्षणही मिळावे.

तथापि वाटेत तीन कुलुपे होती. पहिले कुलूप डॉक्टरच्या चिठ्ठीचे. चिठ्ठी रोग्याच्या नावाने लिहायची आणि औषध द्यायचे दुसऱ्याने, हा पेच कायद्याला सुटेना. न्यू मेक्सिको राज्याने २००१ साली तो प्रथम सोडविला आणि २०१७ पर्यंत पन्नासही राज्यांनी या ना त्या स्वरूपाचे कायदे केले. दुसरे कुलूप सुईचे. सामान्य माणसाचा हात सुई टोचताना कापतो. २०१५ च्या नोव्हेंबरात नाकात फवारण्याच्या नॅलोक्सोनला मान्यता मिळाली आणि ही अडचण दूर झाली. २०२३ च्या मार्चमध्ये हा फवारा चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो दुकानांच्या फळीवर आला. दोन मात्रांच्या पेटीची किंमत त्या वेळी सुमारे ४५ डॉलर होती. विद्यार्थ्याच्या खिशाला ही रक्कम जड आहे. म्हणूनच विद्यापीठाने तो विनामूल्य द्यावा, या मागणीला अर्थ आहे.

तिसरे कुलूप सर्वांत अवघड, कारण ते मनाला लागलेले असते. ते भीतीचे. मित्र बेशुद्ध पडला आहे. पोलिसांना कळविले तर तो पकडला जाईल, कदाचित आपणही पकडले जाऊ, विद्यापीठातून नाव कमी होईल. परदेशी विद्यार्थ्याच्या मनात तर व्हिसाचीही धास्ती असते. या धास्तीत दहा मिनिटे जातात, आणि ती दहा मिनिटेच प्राण नेतात. म्हणून न्यू मेक्सिकोने २००७ साली असा कायदा केला की, मदतीसाठी हाक मारणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी हाक मारली त्याच्यावर मादक द्रव्य जवळ बाळगल्याचा खटला भरू नये. पुढे बहुतेक राज्यांनी असे कायदे केले; त्यांचा तपशील राज्यागणिक वेगळा आहे. कॅनडाने २०१७ साली साऱ्या देशासाठी असाच कायदा केला.

विद्यापीठांतही पालट होऊ लागला. मॅसॅच्युसेट्समधील ब्रिजवॉटर राज्य विद्यापीठाने २०१७ साली एक साधी गोष्ट केली. हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारी जी यंत्रे इमारतींतून भिंतीवरच्या पेट्यांत ठेवलेली असतात, त्याच पेट्यांत त्यांनी नॅलोक्सोनचे फवारे ठेवले. पेटी कोणासही उघडता येते. नाव सांगावे लागत नाही, सही करावी लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदाच केला. त्यानुसार २०२३ पासून तेथील राज्य विद्यापीठाने आणि सामुदायिक महाविद्यालयांनी आपल्या आरोग्यकेंद्रांतून हे औषध विनामूल्य द्यावे आणि नव्या विद्यार्थ्यांच्या परिचयवर्गात अतिमात्रेविषयी माहिती द्यावी, असे ठरले. कोठे ग्रंथालयात, कोठे स्वयंचलित यंत्रातून, तर कोठे वसतिगृहाच्या कार्यालयातून, ते आता पुष्कळ ठिकाणी मिळते.

परंतु पेटी भिंतीवर लावली म्हणजे काम संपले, असे कोणी समजू नये. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१६ सालीच या संकटाला सार्वजनिक आरोग्यावरील आणीबाणी म्हणून घोषित केले होते. त्याच प्रांतातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या वसतिगृहात २०२४ च्या जानेवारीत दोन विद्यार्थिनी एकाएकी कोसळल्या. मदतीसाठी दूरध्वनी गेला. विद्यापीठाचे रक्षक आले. त्यांच्याजवळ नॅलोक्सोन होते. पण हा झटक्यांचा आजार असावा असे वाटले, आणि औषध देण्यापूर्वी मोलाची मिनिटे निघून गेली. त्या दोघींपैकी एक वाचली. दुसरी, पहिल्या वर्षाची अठरा वर्षांची मुलगी, वाचली नाही. त्यानंतर प्रांतिक सरकारने उच्च शिक्षणसंस्थांतून नाकात फवारण्याचे नॅलोक्सोन ठेवण्याच्या दिशेने पावले उचलली, आणि २०२५ साली या मृत्यूची जाहीर न्यायिक चौकशी झाली. श्रोतेहो, तिथे औषध होते, माणसे होती, कायदाही होता. उणे होते ते ओळखण्याचे शिक्षण. हे चौथे कुलूप आहे, आणि त्याची किल्ली केवळ शिकविण्यात आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि घेणारी माणसे वाईट नसतात. उतारा सहज मिळू लागला तर मुले विष घ्यायला धजावतील, असे ते म्हणतात. जुन्या चित्रपटगृहांत वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या असत, त्या आपणांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्या पाहून कोणाला आग लावण्याची बुद्धी झाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय या औषधात मौज काहीच नाही. अफूची सवय असलेल्याला ते दिले की तो घाम, ओकाऱ्या आणि अंगदुखी यांनी बेजार होऊन उठतो. अशा जागृतीच्या भरवशावर कोणी विष घेत नाही. आणि खरे सांगायचे तर, व्यसनमुक्तीचा उपदेश करायचा तो जिवंत माणसालाच करता येतो. विहिरीत पडलेल्याला आधी दोर टाकावा. काठावर का गेलास, हे त्याला बाहेर काढल्यावर विचारावे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी ती अवश्य कळवावी. माणूस गाढ झोपल्यासारखा पडला आहे; मोठ्याने हाक मारून, छातीच्या मध्यावरच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोराने चोळूनही जागा होत नाही; श्वास फार मंद आहे किंवा घशात घरघर आहे; ओठ आणि नखे निळसर किंवा राखाडी पडली आहेत; डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. यांतील सगळीच चिन्हे दिसली पाहिजेत असे नाही. हाकेला ओ नाही आणि श्वास धड नाही, एवढे पुरे. प्रथम ९११ या क्रमांकावर मदत मागावी. माणसाला उताणा करून मान थोडी मागे झुकवावी, फवाऱ्याचे टोक एका नाकपुडीत घालून खालचा दट्ट्या पूर्ण दाबावा. फवारा आधी दाबून पाहू नये. त्यात एकच मात्रा असते. दूरध्वनीवरील माणूस सांगेल त्याप्रमाणे तोंडाने श्वास द्यावा किंवा छाती दाबावी. दोन-तीन मिनिटांत फरक न दिसल्यास दुसरी मात्रा दुसऱ्या नाकपुडीत द्यावी. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवावे आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये. शंका असेल तर औषध द्यावे. दिल्याने हानी नाही, न दिल्याने आहे.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यांत इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि पणजीच्या मराठी घरांतील मुले पुष्कळ असणार. आपण त्यांना निघताना सांगतो, जपून राहा, वाईट संगत धरू नकोस. हे सांगावेच. अनोळखी गोळी, मग ती मित्राने का देईना, तोंडात घालू नकोस, हे तर निक्षून सांगावे. पण एवढ्यावर न थांबता आणखी एक वाक्य जोडावे: दाराबाहेर कोणी पडलेला दिसला, तर तो कोण, त्याने काय घेतले, का घेतले, हे विचारत बसू नकोस, आधी त्याचा श्वास पहा. आणि स्वतःच्या हातून चूक झाली तरी आधी मदत माग. आमच्या रागाची चिंता नंतर कर. हे दुसरे वाक्य उच्चारणे आईबापांना जड जाते, हे मला ठाऊक आहे. परंतु मुलाच्या मनाला लागलेले भीतीचे कुलूप बहुधा घरीच घातलेले असते, आणि ते घरीच उघडता येते.

वहिनींनी त्या दिवशी यादीच्या शेवटी ते नाव लिहिले. दिवाळीच्या सुमारास मुलीचे कळवणे आले, की तिने आणि तिच्या खोलीतल्या दोघींनी आरोग्यकेंद्रात जाऊन एक तासाचे शिक्षण घेतले आहे, आणि फवारा दाराजवळच्या खुंटीवर, सर्वांना दिसेल असा टांगला आहे. तो वापरण्याची वेळ आलेली नाही. ती कधीच न येवो. पण त्या मजल्यावर कोणावर आलीच, तर तो कोणत्या दाराआड आहे हे आता सर्वांना माहीत आहे. वहिनी मला म्हणाल्या, "डॉक्टर, आधी मला वाटले होते की तुम्ही माझ्या मुलीवर संशय घेता आहात. आता वाटते, तुम्ही तिच्यावर विश्वास टाकलात."